रेकॉर्ड रूमची आवराआवर

सगळ्या वस्तूंच्या जागा ज्याला माहीत असतात, त्याला कोणी घरी जाऊ देत नाही. नोकरीत मी एवढंच शिकलो. बाकीचं सगळं विसरलो.

मी वामनराव. महाराष्ट्र झाला तेव्हा सातपुड्याच्या पायथ्याच्या एका तहशिलीत रेकॉर्ड कीपर होतो. तहसील कोणती ते लिहीत नाही. तिथली माणसं वाईट नव्हती आणि उगाच कुणाचं नाव खराब करण्यात मला रस नाही. माझं घर अमडापूरला, म्हणजे जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाला. मधे पूर्णा नदी, नांदुरा, मग खामगाव आणि खामगावच्या स्टँडवर बसून खाल्लेली धूळ. शनिवारी कचेरी सुटली की पिशवी घेऊन निघायचं, घरी पोचेपर्यंत लोकांची जेवणं झालेली असत. रविवारी दुपारी पुन्हा तीच पिशवी. पावसाळ्यात पूर्णेला पूर आला की तेवढंही नाही.

घरी माझी बायको गोजरबाई एकटी. मुली सासरी गेल्या होत्या. विहिरीजवळच्या तुकड्यात तिनं वांगी, मेथी, चवळी असं काहीबाही लावलेलं असे, आणि ते सगळं ती एकटी बघे. दरवर्षी उन्हाळ्यात बदल्यांची यादी निघे आणि दरवर्षी मी चिखलीला बदली मागे, कारण अमडापूरहून चिखलीला रोज जाऊन-येऊन नोकरी करता येते. दरवर्षी माझ्या अर्जावर त्या वेळचे साहेब शेरा मारत, 'यांच्यावाचून रेकॉर्ड सापडत नाही, सबब सोडता येत नाही.' पहिल्यांदा हा शेरा पडला तेव्हा मी तो घरी जाऊन गोजरबाईला तोंडपाठ म्हणून दाखवला होता. छाती फुगवून. ती म्हणाली होती, "बरं हाय. म्हंजे तुम्ही काई येत नाई."

त्यानंतर शेरा तोच पडत गेला आणि मी तो घरी सांगायचं सोडून दिलं.

मग एका दिवाळीत ती अंगणात बाजेला अडखळून पडली. बाज रोजच्या जागी होती. तिनं ती पाहिलीच नव्हती. मी तिला खामगावला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी बराच वेळ पाहिलं, मग मला बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, काचबिंदू आहे. गेलेली नजर परत येत नाही. राहिली आहे ती औषधाच्या थेंबांवर टिकेल तेवढी टिकेल, पण वर्षाच्या वर धरून चालू नका. तिला कडेचं दिसेनासं झालं होतं. नळीतून पाहावं तसं समोरचं तेवढं दिसे. परतताना गाडीत ती म्हणाली, "डाक्टर हळू बोलले, पन कान चांगले हायेत माहे." मी खिडकीतून बाहेर पाहत बसलो.

तेव्हापासून मला एकच गोष्ट हवी होती. तिला दिसतंय तोवर घरी जाऊन राहायचं. ती स्वयंपाकघरात दिवा लावेल तेव्हा मी समोर असावं, एवढंच. यात मोठं काही मागितलं असं मला अजूनही वाटत नाही.

त्या वर्षी तहसीलदार नवे होते, पुण्याकडचे. महाराष्ट्र झाल्यावर तिकडची माणसं आमच्याकडे येऊ लागली होती. माझं 'करून राह्यलो' ऐकलं की त्यांच्या ओठांच्या कोपऱ्यात हसू येई, पण माणूस ऐकून घेणारा होता. मी डोळ्यांचं सगळं सांगितलं. ते म्हणाले, "वामनराव, रेकॉर्ड कपाटात असायला हवं, ते तुमच्या डोक्यात आहे. हा रेकॉर्डचा दोष आहे. तेवढा काढा. तुमच्या मदतीशिवाय दुसऱ्या माणसाला हवी ती मिसल काढता आली, की यादी वर जायच्या आत मी स्वतः तुमची शिफारस करतो."

बोलणं अगदी सरळ होतं. मी त्याच दिवशी कामाला लागलो.

एका प्रकरणाचे सगळे कागद म्हणजे एक मिसल. अशा मिसली कापडात बांधल्या की बस्ता. आमच्या रेकॉर्ड रूममध्ये बस्ते छतापर्यंत होते, आणि ते तसे का होते हे सांगायला बसलो तर इंग्रजापासून सुरुवात करावी लागते. कोणे एके काळी कोणीतरी ते परगण्याप्रमाणे लावले. पुढच्या माणसाला ते पटलं नाही. त्यानं पटवाऱ्याप्रमाणे लावायला घेतले आणि काम अर्ध्यावर असताना त्याची बदली झाली. बघा, त्याची झाली. मग पश्चिमेची भिंत गळायला लागली तेव्हा तिकडचे बस्ते जिथं कोरडं दिसलं तिथं 'तात्पुरते' ठेवले. सरकारात तात्पुरत्याइतकं टिकाऊ काही नसतं. मग कोणाच्या तरी डोक्यात आलं की वाटणीच्या मिसलींना लाल कापड असावं, आणि लाल कापड संपल्यावर हिरवं आलं, मग जे मिळेल ते आलं. असं करता करता एका गावाचे कागद चार भिंतींना गेले.

प्रत्येकानं आपल्या परीनं सोय म्हणून चिठ्ठ्या ठेवल्या होत्या. धानोऱ्याच्या खणात चिठ्ठी होती, 'पिंपरीत पहा.' पिंपरीच्या खणात, 'वडगावात पहा.' वडगावच्या खणात, 'धानोऱ्यात पहा.' माझ्या हाताखाली दिलेला कारकून इंद्रभान, त्यानं या तिन्ही चिठ्ठ्या एकामागून एक वाचल्या आणि तो जमिनीवर बसून हसायला लागला.

"काका, हे तं कोलूच्या बैलावानी झालं. फिरा गोल गोल."

"अन् कागद कोठी हायेत, सांग."

"कोठी?"

"त्या मोडक्या कपाटाच्या मागं."

ते कागद मी कितीतरी वेळा काढून दिले होते. चिठ्ठ्या मात्र तोवर कधी वाचल्या नव्हत्या. मला गरजच काय होती?

इंद्रभान रोहिणखेडचा. लेकुरवाळा माणूस, कामाला वाघ. अक्षर चांगलं, स्मरण चांगलं, आणि वागणं तर असं की आजकाल बघायला मिळत नाही. मी उभा असलो की बसायचा नाही. माझ्यासमोर तंबाखूची डबी काढायचा नाही. बस्त्याची गाठ सोडण्याआधी दरवेळी माझ्याकडे पाहून विचारायचा, "काका, काढू?" काढू का म्हणून विचारायचं कारण नव्हतं, कारण तो काढण्यासाठीच तिथं होता. पण घरात वडीलधारं माणूस असताना पहिला घास कोणी उचलतं का? तसं ते होतं. मी मान हलवायचो आणि मग तो गाठ सोडायचा.

मी एक नियम केला. एका कागदाला एकच जागा आणि त्या जागेला एकच वाट. आधी गाव, गावात प्रकार, प्रकारात साल. 'इकडे पहा, तिकडे पहा' बंद. ऐकायला हे किती सोपं वाटतं, आणि केलं तेव्हा माझी कंबर गेली. एक चिठ्ठी काढायची तर आधी बघायचं की तिच्याकडे बोट दाखवणारी दुसरी चिठ्ठी कुठं आहे का. नाहीतर ती दुसरी चिठ्ठी हवेत बोट दाखवत राहणार. बस्ता सोडला की आत दुसरा बस्ता, त्याच्या आत तिसरा, आणि तिसऱ्यात भलत्याच गावाचे कागद. एक गाव फुटून दोन झालेलं, आणि एकाच मिसलीवर दोघांचा दावा. काही मिसली अशा की कोणत्याच चिठ्ठीवर त्यांचं नाव नाही. कोणी विचारलं नाही म्हणून हरवल्या नाहीत, नाहीतर हरवल्यातच जमा होत्या. अशा मिसली हातात आल्या की मला उगाच वाईट वाटायचं.

वर पत्रा, चैत्राचं ऊन, खिडकी एकच आणि तीही उघडली की कागद उडणार. जुन्या कापडातून धूळ अशी उठायची की संध्याकाळी नाक शिंकरलं तर काळं निघायचं. मला खोकला लागला तो तेव्हापासून. वाळवीनं खाल्लेले कागद हातात घेतले की कण्या व्हायच्या. जित्राबाला चारा घालून यावं आणि पुन्हा गोठ्यातच झोपावं, तसं मी खोलीवर जाऊन आडवा व्हायचो आणि डोळे मिटले तरी बस्तेच दिसायचे. या बाजूनं उचल, त्या बाजूला ठेव. थकवा म्हणजे काय ते मला त्या उन्हाळ्यात कळलं. अंग दुखण्याचं काही नाही हो, ते रात्रीत उतरतं. पण चाळीस माणसांनी आपापल्या सोयीनं केलेला गुंता एका माणसानं सोडवायचा, आणि त्या चाळिसांपैकी एकालाही शिवी देता येत नाही, कारण ज्यानं त्यानं आपलं काम भागवलं होतं, याचा थकवा उतरत नाही.

दाराजवळ एक बस्ता नेहमी वेगळा ठेवलेला असायचा. मी तो उचलून त्याच्या गावात लावला, तर चपराशी उकंडराव आडवा आला.

"बाबूजी, तो नोका हालवू. त्या गावचा पाटील घडी घडी येते. त्याच्यासाठी दारात ठेवेल हाय."

"दारावर बोर्ड लावतो मी. पाटील आला तं बोर्ड पाहीन अन् मागंन."

"पाटील बोर्ड पाहीन?" उकंडरावानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी उन्हात फार वेळ बसलो होतो. मग जरा वेळानं म्हणाला, "तुमाले विचारायचं नाई, तं मंग तुम्ही अथी बसून काय करान?"

"बसतो कोन? घरी जाईन."

उकंडराव वाकला. बस्ता उचलून त्यानंच फळीवर ठेवला.

होळीच्या सुमारास मी घरी गेलो होतो तेव्हा गोजरबाई वांगी तोडत होती. डोळ्यांनी नाही, हातानं. फळाला चिमटीत धरून बघायची, देठ चाचपायची आणि मोडायची. बोटांत काटे गेलेले. शेजारची बनाबाई बांधावरून सांगायची, डावीकडे एक राहिलं, आणि ही डावीकडे अख्खं तोंड फिरवायची, मान वळवून भागत नव्हतं. मला पाहायचं तरी तिला सरळ समोर यावं लागे.

"जरा उजेडात या," ती म्हणाली. मी उजेडात गेलो. "वाळले तुम्ही. कवा येता घरी?"

"काम चालू हाय," मी म्हणालो. "या बारीले नक्की."

"हाव," ती म्हणाली आणि टोपली उचलायला वाकली. टोपली तिच्या अंदाजापेक्षा वीतभर पलीकडे होती. मी ती पुढे सरकवली तेव्हा तिला आवडलं नाही असं मला वाटलं.

काम यादी जायच्या आत संपलं. दारावर मी काळा बोर्ड टांगला आणि त्यावर पांढऱ्या रंगानं गावं लिहिली, प्रत्येकापुढे भिंत आणि फळी. रंग वाळेपर्यंत मी समोर उभा होतो. छान दिसत होतं. कोणीही यावं, वाचावं, हात घालावा आणि कागद काढावा. मला आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल, पण लग्न उरकल्यावर मांडव सोडताना वाटतं ना, तसं काहीतरी वाटत होतं. मी ते मनावर घेतलं नाही.

लोकांना मात्र बोर्ड रुचला नाही. गावचा माणूस यायचा, रामराम करायचा, टेकायचा, मुलाबाळांचं विचारायचा आणि मग हळूच विचारायचा, वामनराव, आमची ती मिसल? मी बोर्डाकडे बोट दाखवलं की त्याचा चेहरा पडायचा. एक वयस्क गृहस्थ तर उठून जायला निघाले. म्हणाले, "काई चुकलं का आमचं? बोलनं सोडलं तुम्ही?" आता बोला. माणूस समोर बसलेला असताना त्यानं भिंतीकडे बोट दाखवावं, म्हणजे पाहुण्याला पाण्यासाठी नदीकडे पाठवण्यासारखं. मग मी एखाद्याला सांगून टाकायचो. तेवढ्यापुरतं.

पण इंद्रभान तयार झाला होता. मी व्हरांड्यात जाऊन बसायचो आणि आत त्याच्याकडे कोणी काही मागितलं की तो बोर्ड न बघताही सरळ त्या फळीशी जायचा. नवी मांडणी त्याच्या हातात बसली होती. माझ्यापेक्षाही चांगली. मला काळजी उरली नव्हती.

शनिवारी सकाळी साहेब स्वतः रेकॉर्ड रूममध्ये आले. उकंडरावानं खुर्ची आणली. साहेबांनी बोर्ड वरपासून खालपर्यंत वाचला, दोन-चार बस्त्यांवरून हात फिरवला आणि म्हणाले, "वा. खोली ओळखू येत नाही." मग मला दाराशी उभं केलं. "तुम्ही इथंच थांबा. फक्त बोलायचं नाही. मिसल इंद्रभान काढतील."

"हाव," मी म्हणालो.

"धानोरा," साहेब म्हणाले. "वाटणीची मिसल. सन एकतीस."

मला हसू आलं. यापेक्षा सोपं काही विचारता आलं नसतं. तिन्ही चिठ्ठ्या ज्याच्यासाठी गोल फिरत होत्या तेच धानोरा, आणि ते आता दक्षिणेच्या भिंतीला इंद्रभानच्या हाताच्या उंचीवर होतं. इंद्रभान वळला. हात वर केला. बस्त्याला लागलाच होता त्याचा हात. आणि मग थांबून, रोजच्यासारखं, त्यानं माझ्याकडे पाहिलं.

"काका, काढू?"

मी मान हलवायची होती. बस, मान हलवायची होती. पण त्या खोलीत मला कोणी काही विचारलं की मान हलायच्या आधी तोंड उघडायचं, अशी कितीतरी वर्षांची सवय होती. माझ्या तोंडून निघालं, "त्या मोडक्या कपाटाच्या मागं पाह्य. खालच्या अंगाले. हिरव्या कापडात."

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. मोडकं कपाट मी स्वतः उभं राहून बाहेर काढायला लावलं होतं. ते मागच्या अंगणात पडलं होतं आणि त्यावर कावळे बसत होते. त्या जागी आता वडगावचे बस्ते होते.

इंद्रभानचा हात हवेत राहिला. त्यानं एकदा बस्त्याकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हात खाली घेतला, खोली ओलांडून त्या कोपऱ्यात गेला, उकिडवा बसला आणि वडगावचे बस्ते एक एक सोडून पाहू लागला. हिरवं कापड एकही नव्हतं. तो शोधत राहिला. साहेब त्याच्याकडे पाहत होते. मी दाराची चौकट धरली होती. बोलायचं नाही म्हणून सांगितलं होतं आणि ज्या वेळी बोलायला हवं होतं नेमकं त्याच वेळी मी ते पाळलं.

"सायेब," इंद्रभान शेवटी म्हणाला, "अथी दिसत नाई."

साहेब उठले. बोर्डापाशी गेले, बोट ठेवून वाचलं, दक्षिणेच्या भिंतीशी गेले आणि मिसल काढून टेबलावर ठेवली. काडीची अडचण आली नाही त्यांना.

"बोर्ड बरोबर आहे, वामनराव," ते म्हणाले. रागावले नव्हते. "तुमचं काम फार चांगलं झालं आहे. पण बोर्डाला इथं विचारतो कोण?"

"सायेब, म्हनूनच सोडा मले," मी म्हणालो. "मी अथी नाई राह्यलो तं वाचतीन. मी हाय म्हनून वाचत नाईत."

त्यांना ते पटलं असावं. "तुम्ही म्हणता ते खरं असेल," ते म्हणाले. "पण नसेल तर? वरून कागद मागवतील, हे गृहस्थ त्या कोपऱ्यात शोधत बसतील, आणि उत्तर मला द्यावं लागेल. एक वर्ष जाऊ द्या. यांना सवय होऊ द्या. पुढच्या यादीत नक्की बघू."

आणि ते गेले. उकंडरावानं खुर्ची उचलली.

मी इंद्रभानला व्हरांड्यात घेतलं. राग अनावर होता, आणि कोणावर काढायचा ते कळत नव्हतं.

"तुले मालूम होतं ना धानोरा कोठी हाय ते?"

"हाव."

"हात लावला होता तू बस्त्याले. मी पाह्यलं."

"हाव, लावला होता."

"मंग काऊन गेला बे तिकडं?"

त्याला माझा प्रश्नच कळला नाही असं त्याच्या चेहऱ्यावर होतं. "तुमी सांगतलं ना काका," तो म्हणाला. "सायबाच्या समोर तुमाले खोटं पाडू का मी? असा कसा पाडू? माह्या बापानं जीव घेतला असता माहा." मग माझा चेहरा पाहून आवाज खाली आणला. "मले वाटलं, सायेब मलेच रागावतीन. तुमचं नाव राहीन."

त्यानं स्वतःची अब्रू घालवून माझी राखली होती. अशा माणसाला तू मला बुडवलंस म्हणायचं? मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "बरं केलं." मग पिशवी घेतली आणि स्टँडवर गेलो.

घरी पोचलो ते नेहमीसारखं उशिरा. सकाळी ती अंगणात मेथी निवडत बसली होती तेव्हा सगळं सांगितलं. बोर्ड, साहेब, धानोरा, मोडकं कपाट. काही लपवलं नाही. ती ऐकत होती आणि तिची बोटं काड्या बाजूला काढत होती.

"कसं निघालं तोंडातून, मलेच समजत नाई," मी म्हणालो.

"विचारलं असंन त्यानं."

"काढू का म्हनून विचारलं. कोठी हाय म्हनून नाई विचारलं."

"विचारलं ना. विचारलं की बरं वाटते तुमाले."

मला एकदम संताप आला. "काय बरं वाटते? चार महिने धूळ खाल्ली म्या. कोनासाठी खाल्ली?" बनाबाईनं पलीकडून डोकावलं एवढा माझा आवाज चढला होता. गोजरबाईनं तोंड वर केलं नाही. मी बोलायचा थांबलो, कारण बोलता बोलता मला तो क्षण पुन्हा दिसला. साहेब खुर्चीवर, इंद्रभान माझ्याकडे पाहतोय, अख्खी खोली माझ्या उत्तरासाठी थांबलीय. मला बरं वाटलं होतं. उत्तर चुकीचं होतं, पण ते देताना मला फार बरं वाटलं होतं.

"मी किती वर्सं विचारून राह्यली, घरी कवा येता," ती म्हणाली. भांडायच्या आवाजात नाही, मेथी महाग झाली म्हणावं तशी. "त्याचं उत्तर असं झटकन नाई निघालं तुमच्या तोंडातून कवा."

"पुढच्या उन्हाळ्यात," मी म्हणालो. "सायबानं सांगतलं हाय. पुढच्या यादीत नक्की."

तिनं मेथी बाजूला ठेवली. माझ्याकडे पूर्ण तोंड फिरवलं आणि पाहू लागली. तिला एका वेळी थोडंच दिसे, म्हणून ती कपाळापासून सुरुवात करून हळूहळू खाली आली. डोळे, नाक, मिशा, हनुवटी. शेत बघतात तसं. मी हललो नाही.

"या," ती म्हणाली. "घाई नोका करू. पुढच्या उन्हाळ्यात मी आवाजावरून वळखीन तुमाले."

एवढं बोलून तिनं मेथीची जुडी पुन्हा पुढे ओढली. दुपारी मी पिशवी उचलली आणि गाडी धरली, कारण सोमवारी रेकॉर्ड रूम उघडायची होती आणि किल्ली माझ्याच खिशात होती.